बबलगम नव्हे रे!

प्रिय सम्या,

फोटो बघून 'हे काय, बबलगम थुंकलंय का कोणी' असं लिहिलंस ना, अरे तो जिवंत प्राणी आहे! हॉपकिन्स रोझ, सी स्लग, म्हणजे कवच नसलेली समुद्री गोगलगाय. जेमतेम इंचभर, अंगभर लांब लांब बोटांसारखे उंचवटे, पाण्यात असली की सगळे डुलतात आणि खडकावर उघडी पडली की नुसता चिकट गोळा, त्यामुळे तुझाही दोष नाही म्हणा.

इथे कॅलिफोर्नियात हाफ मून बेजवळ पिलर पॉइंटला खडकाळ पट्टा आहे, तिथे मिळते. आपल्याकडे अमावास्या-पौर्णिमेला पाणी लांब गेलं की बायका कालवं काढायला उतरतात ना, तसल्याच ओहोटीला जायचं आणि पार वाकून कपारीत बघायचं.

खरी गंमत हिच्या खाण्यात आहे. कपारीत ब्रायोझोअन नावाच्या बारीक जिवांच्या वसाहती पापुद्र्यासारख्या पसरतात, त्यातली एक जात गुलाबी, ही बया तीच खाते आणि तिचाच रंग अंगात साठवते, अंडीसुद्धा गुलाबी रिबिनीच्या वेटोळ्यात! जेवायला बसली की शोधून सापडत नाही, पण हिरव्या शेवाळावर आली की लांबूनही दिसते.

नाव म्हणे स्टॅनफर्डच्या सागरी प्रयोगशाळेला मदत करणाऱ्या टिमथी हॉपकिन्सवरून, मॅकफार्लंड नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने १९०५ मध्ये ठेवलेलं. आपल्याकडे देणगीदाराचं नाव निदान सभागृहाला तरी देतात.

ही मुळात जास्त दक्षिण कॅलिफोर्नियाकडची. एरवी इथे खालचं गार पाणी वर येतं, वरचं पाणी किनाऱ्यापासून लांब ढकललं जातं आणि त्याबरोबर हिची तरंगती पिल्लंही वाहून जातात. २०१४-१५ ला समुद्र तापला, ते सगळं ढिलं पडलं आणि पिल्लं उत्तरेला किनाऱ्याशी लागली, मग काय, खडकच्या खडक गुलाबी. १९८३ आणि १९९८ च्या एल निनोतही तसंच झालेलं. दिसायला भारी, पण असला बहर तापलेल्या पाण्याने येतो म्हटल्यावर मला काही फार आनंद होत नाही.

तू डिसेंबरात येतोयस ते बरंय, हिवाळ्यात इथली मोठी ओहोटी दुपारी असते, उन्हाळ्यात मात्र भल्या पहाटे उठावं लागतं (तू उठणार नाहीस, माहितीये). न घसरणारे बूट आण. आणि तोवर हाजी अलीच्या नाहीतर जुहूच्या खडकांवर चक्कर मार, तिथेही सी स्लग आहेत, वेगळ्या जातीच्या. सापडली तर फोटो टाक, तिचा, सेल्फी नको.

तुझा,
बंड्या