लॉस उतरला, पण भार स्थिरावले का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पुण्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत सध्या अंतिम वर्षाच्या प्रकल्पांच्या तोंडी परीक्षा सुरू आहेत. बाह्य परीक्षक म्हणून हाती येणाऱ्या बहुतेक अहवालांत आता न्यूरल नेटवर्क असते आणि एक आलेख हटकून असतो: लॉस (मॉडेलच्या चुकीचे माप) उतरत उतरत आडवा झालेला, खाली ‘मॉडेल कन्व्हर्ज झाले’, म्हणजे त्याचे भार (शिकताना बदलणारे आकडे) स्थिरावले, हे वाक्य. त्या आलेखावरून हा निष्कर्ष निघत नाही, एवढेच मला मांडायचे आहे.

एकच भार असलेले मॉडेल घ्या. विदेत (डेटात) +१ आणि −१ हे दोनच बिंदू, दोन वेगळ्या वर्गांतले, आणि लॉस लॉजिस्टिक, म्हणजे योग्य वर्गाकडे कल जितका ठाम तितका लहान, पण शून्य कधीच न होणारा. भार शून्य असताना लॉस ०.६९ असतो, भार ५ झाला की सुमारे ०.००६७ आणि १० झाला की ०.००००५. म्हणजे भार दुप्पट झाला तरी आलेखावर रेघ हललेलीसुद्धा दिसत नाही. किंबहुना या प्रश्नात भाराला थांबायला जागाच नाही. ग्रेडियंट डिसेंट, म्हणजे लॉसचा उतार (ग्रेडियंट) पाहून पायरी-पायरीने भार बदलण्याची पद्धत, त्याला लॉगरिदमच्या संथ चालीने वाढवतच नेते.

लर्निंग रेट (पायरीचा आकार ठरवणारा आकडा) कायम ठेवून विदेच्या लहान लहान गठ्ठ्यांवर शिकवले, तर भार सहसा एका बिंदूवर न थांबता त्याच्या आसपास घुटमळत राहतात. म्हणून पायऱ्या हळूहळू लहान होत जाव्यात, म्हणजे त्यांच्या आकारांची बेरीज अनंत, पण आकारांच्या वर्गांची (स्क्वेअर्सची) बेरीज सांत असावी, ही अट रॉबिन्स आणि मन्रो या गणितज्ञांनी १९५१ मध्येच घातली होती.

विद्यार्थ्यांचा भरवसा असतो तो ‘अ‍ॅडम’ या ग्रेडियंट डिसेंटच्याच सुधारित रूपावर, कारण ती पद्धत प्रत्येक भाराची पायरी आपणहून जुळवून घेते. मात्र रेड्डी, काळे आणि कुमार या संशोधकांनी २०१८ मध्ये या पद्धतीला चकवणारे अगदी साधे, बहिर्वक्र (जिथे फसवे खळगे नसतात असे) उदाहरण दाखवले. त्यात दर तिसऱ्या पायरीला ग्रेडियंट मोठा आणि योग्य दिशेने नेणारा असतो, उरलेल्या दोन वेळा लहान आणि उलटा. अ‍ॅडम ग्रेडियंटला त्याच्याच अलीकडच्या आकारमानाने भागत असल्याने मोठ्या ग्रेडियंटचे वजन घटते, आणि विशिष्ट मापदंडांना −१ ते +१ या पट्ट्यात उत्तर −१ असताना भार +१ वर जाऊन स्थिरावतो. तो स्थिरावतो खरा, पण सर्वांत वाईट जागी!

म्हणून अभ्यास मंडळाने अहवालात लॉसबरोबरच लागोपाठच्या एपॉकमधील (सगळ्या विदेवरच्या फेऱ्यांमधील) भारांचा फरक, भारांचे एकूण परिमाण आणि ग्रेडियंटचे परिमाण यांचे आलेख सक्तीचे करावेत. नुसता फरक पुरणार नाही, कारण वरच्या पहिल्या उदाहरणात तोही शून्याकडे जातो आणि भार वाढतच राहतो. शिवाय वेगवेगळ्या सुरुवातींपासून निदान पाच वेळा शिकवून सगळे निकाल मांडायला सांगावे. आज गुण आलेखाच्या रंगसंगतीला अधिक मिळतात, असे कधी कधी वाटते. या कामाला महागडे यंत्र लागत नाही. प्रोग्रॅममध्ये पाच-दहा ओळींची भर आणि एखाद्या रात्रीचा संगणक-वेळ पुरतो.

आपला,
एक निवृत्त गणित प्राध्यापक,
कोथरूड, पुणे