न्यूझीलंडमधल्या ‘ते आनाऊ’ गावच्या त्या दोघींना मनापासून थँक्यू
नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून इथे लिहितेय. जुलैत आई, मी आणि भाऊ न्यूझीलंडच्या साऊथ आयलंडला होतो, मिलफर्ड साऊंड या डोंगरांमधल्या खाडीतली बोट बुक केलेली, आणि सकाळी ‘ते आनाऊ’ला कळलं की हिमकडे कोसळायचा धोका आहे म्हणून तिकडे जाणारा मिलफर्ड रोड बंद. हॉटेल त्याच दिवशी सोडलेलं, पुढे कुठे राहायचं ठरलेलं नाही, आईचे गुडघे थंडीने आखडलेले, मला तर रडूच यायला लागलं.

तिथल्या व्हिजिटर सेंटरमधे गेलो तर काउंटरवरच्या बाईंनी आधी आईला हीटरजवळ खुर्ची दिली, मगच काय झालं ते विचारलं. स्वतः बोटवाल्यांना फोन करून आमचं बुकिंग दुसऱ्या दिवशीवर ढकललं, गावातच एक खोली मिळवून दिली. वर सांगितलं की इथून पुढे जवळजवळ १२० किलोमीटर पेट्रोल मिळणार नाही, बऱ्याच रस्त्यावर मोबाईलला रेंज नाही, तेव्हा टाकी इथेच फुल करा.

बर्फात चाकांना लावायच्या चेन गाडीत होत्या पण लावायच्या कशा हे आम्हा तिघांनाही माहीत नव्हतं. दुसरी मुलगी पार्किंगमधे आली, ओल्या जमिनीवर गुडघे टेकून एक चेन लावून दाखवली, काढली, आणि मग भावाकडून दोनदा लावून घेतली. हात लालबुंद झाले होते तिचे, ग्लोव्हजपण नव्हते!

दुसऱ्या दिवशी रस्ता उघडला. होमर टनेलच्या पलीकडे उतरताना आई सारखी त्या दोघींबद्दलच बोलत होती. खूप खूप आभार तुमचे.