बाबांच्या काठीच्या कड्या

एडिसन, न्यू जर्सी
रविवार रात्र

ती. बाबा आणि आई,
सा. नमस्कार.

परवा फोनवर दादा म्हणाला की बाबा अजून कातळावर जातात पण दोरी डोक्यावरून गरागरा फिरवून लांब फेकायला खांदा देत नाही, मग जवळच कुठेतरी गरी सोडून बसतात आणि दोन शेंगट्या घेऊन परत येतात. ते ऐकल्यापासून माझ्या डोक्यात तेच चाललंय. बाबा, मी तुमच्यासाठी मासे पकडायची काठी बांधायला घेतलीय. विकतची तयार नाही, कोरा कार्बनचा दांडा आणलाय आणि बाकी सगळं मी हाताने बसवणार. डिसेंबरात येताना घेऊन येतो.

इथे आयलंड बीच म्हणून पार्क आहे, घरापासून गाडीने तासभर, जवळजवळ १० मैल नुसती वाळू आणि लाटा, आणि टोकाला खाडीच्या मुखापलीकडे बार्नेगटचं लाल-पांढरं दीपगृह, १८५९ पासूनचं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंकर नावाचे मासे, आपल्या तारलीच्या गोतातले, थवेच्या थवे दक्षिणेकडे सरकतात आणि त्यांच्या मागे स्ट्राइप्ड बास येतो, अंगावर काळ्या रेघा असलेला जिताडाच समजा. सध्या २८ ते ३१ इंचातला एकच घरी न्यायचा, बाकीचे सोडून द्यायचे. लाटेच्या पलीकडे गरी पडली पाहिजे म्हणून इथे सगळे दहा-बारा फुटी काठ्या वापरतात आणि त्यातले बरेचजण स्वतःची स्वतः बांधतात, मी त्यांच्याकडेच बघून शिकलो.

आता तुम्ही म्हणाल काठीला बांधायचं काय एवढं, दांडा नि दोरी गुंडाळायची रील झालं की. बाबा, सगळी गंमत कड्यांत आहे. काठीवर ज्या कड्यांतून दोरी जाते ना, इथे गाईड म्हणतात, आत सिरॅमिकची गुळगुळीत रिंग आणि बाहेर स्टीलचे पाय. फेकताना रीलवरून दोरी सरळ निघत नाही, गोल गोल वेटोळी घेत सुटते, ती वेटोळी पहिल्या कडीने गोळा करायची, पुढच्या कड्यांनी आवळत न्यायची आणि टोकाला येईपर्यंत दोरी सरळ झाली पाहिजे. पहिली कडी छोटी पडली किंवा रीलच्या फार जवळ आली तर वेटोळी तिच्यावर फटफट आपटतात, आवाज येतो, आणि दोरीच्या टोकाचं शिसं पाहिजे त्याच्या अलीकडेच पडतं.

मी स्वतःसाठी पहिली काठी बांधली तेव्हा हलक्या म्हणून पुढच्या सगळ्या कड्या ८ मिलिमीटरच्या घेतल्या. टोकाकडचं वजन कमी झालं की काठी झपकन सरळ होते, ते खरंच आहे. पण माझ्या रीलवर बारीक ब्रेड, म्हणजे विणलेली मऊ दोरी, असते आणि फेकायचा झटका सोसायला पुढे जाड तंगूस, म्हणजे नायलॉनची एकसंध दोरी, जोडलेला असतो, त्या दोघांची गाठ फेकताना कड्यांतून जाते. नोव्हेंबरातली पहाट, बोटं बधिर, गाठीला शेवाळ अडकलेलं, पूर्ण ताकदीने फेकलं आणि गाठ कडीत अडकली. तट्ट आवाज झाला, शिसं एकटंच समुद्रात गेलं. समोर मासे उड्या मारत होते आणि मी दोरी बांधत बसलो, मला ते फार लागलं. दुसऱ्याच आठवड्यात ब्लेडने धागा कापून त्या सगळ्या कड्या काढल्या आणि १२ च्या घातल्या.

तुमच्यासाठी म्हणून वेगळा विचार केलाय. माझ्या ब्रेडला मऊपणामुळे पहिली कडी २५ ची चालते, पण तुम्ही गुहागरच्या बाजारातला जाड तंगूसच भरणार हे मला माहितीये, आणि तंगूस ताठ असतो, रीलवरून मोठी वेटोळी टाकतो. म्हणून पहिली कडी ४० ची, मग २५, मग १६, पुढे १२ च्या दोन आणि टोकाची एक. सगळ्या फुजी कंपनीच्या, के प्रकारच्या, त्यांची चौकट पुढे टोकाकडे झुकलेली असते, फेकताना दोरीचा फास कडीवर पडला तरी घसरून सुटतो, अडकून बसत नाही. टायटॅनियमच्या घेणार होतो, त्या खाऱ्या पाण्याने गंजत नाहीत, पण किंमत फार, आणि तुमची काठी कातळावर आपटणारच, रिंग तडकली की टायटॅनियमचा काय उपयोग. त्यापेक्षा जाड रिंगवाल्या स्टीलच्या घेतल्या. एक काम मात्र नक्की करा, आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, आणि महिन्यातून एकदा कापसाचा बोळा प्रत्येक रिंगमधून फिरवा. कापूस अडकला म्हणजे तिथे चीर आहे, ती तंगूस कापते, आणि नेमका मोठा मासा लागला की तुटतो.

टोकाची कडी मी वितळणाऱ्या गोंदाने चिकटवतोय, ती मोडली तर मेणबत्तीवर धरून गरम करायची, ओढली की निघते, दुसरी बसवायची. दोन जादा देतो बरोबर.

काठी तीन तुकड्यांची घेतली कारण विमानात लांब पेटी चालत नाही, ११ फुटाचे तीन भाग केले की पाइपमध्ये घालून सामानात जाते. पण त्याने एक भानगड झाली. काल कड्या टेपने चिकटवल्या, टोकाला पाण्याची बाटली बांधून काठी वाकवली आणि दोरी कशी जाते ते बघत बसलो, तर दुसरी कडी नेमकी जोडावर येत होती. जोडावर कडी बांधली की काठी सुटी करता येत नाही, आणि तिथे काठी वाकतेही वेगळी. मग तिला ६ सेंटीमीटर पुढे सरकवली, पुढच्या सगळ्या पुन्हा हलवल्या, परत वाकवली, परत हलवली. रात्रीचे दोन वाजले, पण शेवटी दोरी काठीच्या बाकाबरोबर नीट जायला लागली. पहिली कडी रीलपासून १०५ सेंटीमीटरवर बसली, ९० वर ठेवली होती तेव्हा सारखी आपटत होती.

आता तुमच्याकडून दोन गोष्टी पाहिजेत. दादाला सांगा, एखादी बांबूची काठी बाबांच्या काखेत बुडाने धरायला दे आणि हात पुढे सरळ करायला सांग, पंजा जिथे येईल तिथपर्यंत बुडापासून मोजून कळव. तिथे रील बसते. माझं माप ६६ सेंटीमीटर येतं, तुमचे हात माझ्यापेक्षा लांब आहेत. आणि तुम्ही शिसं किती ग्रॅमचं लावता ते वाण्याच्या काट्यावर टाकून सांगा, अंदाजाने नको, दांडा तेवढं पेलेल ना ते बघायचंय.

आई, धाग्याचा रंग तू सांग. नायलॉनचा साधा धागा वरून इपॉक्सी, म्हणजे घट्ट होणारा पारदर्शक लेप, लावला की काळपट पडतो, म्हणून रंग न बदलणारा आणणार आहे, हिरवा, लाल, पिवळा सगळे मिळतात. इपॉक्सी लावल्यावर ओघळू नये म्हणून काठी छोट्या मोटरवर रात्रभर सावकाश फिरत राहते, तुला व्हिडिओ पाठवतो.

कड्या अजून नुसत्या टेपनेच लावल्यात. माप आलं की येत्या शनिवारी धागा गुंडाळायला बसतो.

तुमचा,
धाकटा