मंत्रिमहोदय, निदान ‘प्रत माहितीसाठी’ एवढं तरी लिहा

प्रति,
मा. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री,
नवी दिल्ली.

विषय : खेड्यातल्या नव्या केबल ऑपरेटरला मिळणाऱ्या नोंदणी प्रमाणपत्राबाबत.

महोदय,

मी कोकणातल्या एका हेड पोस्टात पोस्टल असिस्टंट होतो. २०२५ च्या मे महिन्यात निवृत्त झालो. शेवटची बरीच वर्षं केबलवाल्यांच्या नोंदणीचं काम माझ्या टेबलावर होतं. टपाल खात्याचा आणि टीव्हीचा संबंध काय, असं पुष्कळांना वाटेल. पण १९९४ च्या केबल नियमांखाली नोंदणी अधिकारी होता तो हेड पोस्टमास्तर. केबलवाल्याचं ऑफिस ज्या हेड पोस्टाच्या हद्दीत, तिथं त्याची नोंदणी. त्यामुळे आरडीची पासबुकं आणि स्पीड पोस्टाची पाकिटं यांच्या गर्दीत वर्षातून एकदा केबलवाला यायचा, ५०० रुपये भरायचा, मी पावती फाडायचो, रजिस्टरला नोंद घ्यायचो आणि साहेबांची सही झाली की प्रमाणपत्रावर गोल शिक्का ठोकायचो. बारा महिन्यांनी पुन्हा तोच माणूस, तोच अर्ज, तेच ५००.

या कामात आम्ही फार दिवे लावले असं मी म्हणणार नाही. अर्जात लिहिलेली वायर खरंच खांबावर आहे का, हे बघायला पोस्टातून कोणी कधी गेलं नाही. कागद पुरे आहेत का, एवढंच आम्ही बघायचो. एका केबलवाल्याचा अर्ज दोन महिने माझ्याच ड्रॉवरमध्ये राहिला होता, तेही कबूल करतो. म्हणून १७ जानेवारी २०२५ ला तुमच्या खात्याची अधिसूचना निघाली आणि नोंदणी पोस्टाकडून काढून ‘ब्रॉडकास्ट सेवा’ पोर्टलवर नेली, तेव्हा मला वाईट वाटलं नाही. आधार आणि पॅन जागच्या जागी तपासायचं, प्रमाणपत्र लगेच, मुदत एका वर्षाऐवजी पाच वर्षं, आणि हद्दीचं बंधन नाही. नोंदणी नाकारली तर ३० दिवसांत अपील. आमच्याकडे त्या दिवशी जे अर्ज पडून होते ते मागे घेऊन पोर्टलवर नव्यानं भरा, असा आदेश आला. मी फोन करून तिघांना बोलावलं आणि कागद परत दिले. त्यातल्या एकानं विचारलं, “म्हणजे आता साहेब दिल्लीला बसणार?” मी हो म्हटलं. तो बराच वेळ काउंटरला टेकून उभा होता.

हे पत्र लिहायचं कारण माझा पुतण्या.

आमचं गाव दापोली तालुक्यात. वाडी दोन डोंगरांच्या मधे, सगळी घरं फणस-आंब्याखाली. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा खांब काडीसारखे मोडले, छपरं उडाली, वीज कित्येक दिवस नव्हती. वाडीला केबल देणाऱ्या माणसाची सगळी लाइन चिखलात गेली. अॅम्प्लिफायर, टॅप, वायर, काही हाती लागलं नाही. वीज आली, पण तो परत आला नाही. मग ज्यांना परवडलं त्यांनी डीटीएचच्या छत्र्या बसवल्या. आता कोकणातल्या माणसाला विचारा, आषाढात डीटीएचचं काय होतं ते. पाऊस जोराचा लागला की पडदा निळा, वर अक्षरं, ‘सिग्नल उपलब्ध नाही’. डीटीएचचा सिग्नल ‘कू बँड’ नावाच्या उपग्रह-लहरींवर येतो आणि दाट पावसात तो गळतो. केबलवाल्यांच्या कंट्रोल रूमवर सी बँडच्या मोठ्या छत्र्या असतात, त्यांना पावसाचा त्रास फार कमी. तिथून पुढं वायरीनं घरात. म्हणून पावसाळ्यात चार महिने आमच्या वाडीला केबल हवी असते. दिल्लीत बसून हे कळणं कठीण आहे, यात तुमचा दोष नाही.

तर पुतण्यानं ठरवलं, आपण केबल सुरू करू. पूर्वीसारखी कोअॅक्सियल वायर नको, फायबर टाकू, टीव्ही आणि इंटरनेट एकाच तारेतून देऊ. मुंबईत एका केबलवाल्याकडे त्यानं सहा वर्षं लाइनमनचं काम केलंय, फायबरला जॉइंट मारतो, काम त्याच्या हातात आहे. आसपासच्या तीन वाड्या धरून ८० घरांनी होकार दिला.

नोंदणीचा अर्ज पोर्टलवर भरायचा. आधारचा ओटीपी फोनवर येणार, आणि वाडीत रेंज नाही. मग तो लॅपटॉप पिशवीत घालून सड्यावर गेला, कातळावर बसून अर्ज भरला. वाडीत टीव्ही-इंटरनेटची तार आणायची म्हणून नोंदणी करायला इंटरनेट शोधत डोंगर चढावा लागला, यावर घरात दोन दिवस हशा झाला. पण काम झालं. ५००० रुपये ऑनलाइन भरले आणि प्रमाणपत्र आलं. माझ्या काळी त्याला निदान एक महिना लागला असता.

फीबद्दल एक शब्द, कारण सवय जात नाही. ५०० रुपये दरवर्षी म्हणजे पाच वर्षांचे २५००. आता त्याच पाच वर्षांचे ५०००, आणि एकरकमी. गिऱ्हाईक केबल जोडणीसाठी दरमहा भरतो त्या नेटवर्क फीची १३० रुपयांची कमाल मर्यादा ट्राय या दूरसंचार नियामकानं २०२४ मध्ये काढली, पण खेड्यात दर साधारण तेवढाच धरावा लागतो. आपसात वेगळं ठरलं नसेल, तर त्यातले ४५ टक्के स्थानिक ऑपरेटरचे, ५५ टक्के त्याला सिग्नल देणाऱ्या मोठ्या ऑपरेटरचे, म्हणजे एमएसओचे. १३० चे ४५ टक्के म्हणजे साडेअठ्ठावन्न रुपये. ८० घरांचे महिन्याला ४६८०. पे चॅनेलच्या कमिशनमधून थोडं वर सुटेल, इंटरनेटचं वेगळं. म्हणजे तुमची फी नेटवर्क फीतल्या त्याच्या महिन्याभराच्या वाट्यापेक्षा जास्त आहे. शहरात पाच हजार जोडण्या असणाऱ्यालाही तीच फी आणि ८० घरांच्या माणसालाही तीच. पण फी हा माझा मुद्दा नाही. पुतण्यानंही त्याबद्दल तक्रार केली नाही.

मुद्दा असा की प्रमाणपत्र हातात आलं आणि ते घेऊन तो आमच्या पंचायतीत गेला. रस्त्याकडेला चार खांब उभे करायचे होते आणि शाळेच्या कुंपणावरून वायर न्यायची होती. केबल कायद्याच्या कलम ४ब मध्ये तशी सोय आहे. सरकारी किंवा पंचायतीच्या जागेवरून केबल न्यायला, खांब रोवायला केबल ऑपरेटर परवानगी मागू शकतो. त्यानं अर्जाला प्रमाणपत्राची प्रिंट जोडली. पंचायतीचं दप्तर सांभाळणाऱ्या भाऊसाहेबांनी कागद उलटा केला, सुलटा केला, उजेडाकडे धरून पाहिला.

“यावर शिक्का कुठाय?”

“ऑनलाइन आहे, भाऊसाहेब.”

“आणि आपल्या गावाचं नाव?”

“संपूर्ण भारतात चालतं.”

“भारताचं मला काय करायचंय? या गावाचं आणा.”

भाऊसाहेब वाईट माणूस नाही. त्याला खरोखरच कोणी काही कळवलेलं नाही. पूर्वी केबलवाला त्याच्याकडे जायचा तेव्हा कागदावर हेड पोस्टाचा गोल शिक्का असायचा, आणि पोस्टाचा शिक्का गावात लहान मुलालाही ओळखू येतो. आता कागदावर एक मोठा क्रमांक आणि कोपऱ्यात दिल्लीचं खातं. खरं की खोटं, हे तपासायचं कसं, ते त्याला कुणी सांगितलेलं नाही. म्हणून तो सही करत नाही. नोकरीत मीही असा कागद आला असता तर सही केली नसती. संध्याकाळी पुतण्या माझ्याकडे आला आणि म्हणाला, “काका, तुमचा तो गोल शिक्का आहे का अजून?” निवृत्तीच्या दिवशी चार्ज देताना शिक्का, शाईचं पॅड आणि ड्रॉवरची किल्ली, सगळं लिहून द्यावं लागतं. त्याला हे समजावून सांगताना मलाच कसंतरी झालं.

म्हणजे काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत कुठंही केबल टाकायला तो मोकळा आहे, फक्त आमच्या शाळेचं कुंपण सोडून.

दुसरी अडचण सिग्नलची. स्थानिक ऑपरेटर स्वतः उपग्रहावरून चॅनेल घेत नाही, तो एमएसओकडून घेतो. एमएसओच्या माणसानं तोंडी सांगितलं, तो एरिया आम्ही दुसऱ्याला दिलाय. कुणाला? तर वादळात ज्याची लाइन गेली त्यालाच. तो माणूस आता विरारला रिक्षा चालवतो. लेखी नकार द्या म्हटलं तर देत नाहीत. ट्रायच्या २०१७ च्या नियमांत सिग्नल देताना भेदभाव करू नये असं आहे, आणि लेखी करार केल्याशिवाय सिग्नल देऊ नये असंही आहे. वाचायला ठीक. पण न दिल्यास जायचं कुठं? टीडीसॅट या दूरसंचार न्यायाधिकरणाकडे, दिल्लीला. दापोलीहून एसटीनं खेड, खेडहून रेल्वेनं दिल्ली, तिथं वकील, तारखा. महिन्याला ४६८० रुपयांच्या धंद्यासाठी. नोंदणी नाकारली तर अपिलाची सोय तुम्ही करून ठेवलीत, आणि नोंदणी तर कोणी नाकारतच नाही. नाकारतात ते सिग्नल आणि खांब.

२०२३ च्या जन विश्वास कायद्यानं केबल कायद्यातली कैदेची शिक्षा काढली, तेही मला पटलं. पूर्वी पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड होता. आमच्या टेबलासमोर उभे राहून लोक विचारायचे, रजिस्टर नाही ठेवलं तर आत टाकतील का हो? कलम ७ प्रमाणे महिन्याभरात काय दाखवलं याची वही ठेवायची असते. किती जण ठेवत होते ते मी सांगत नाही. तर लहान माणसाच्या डोक्यावरची भीती कमी करायची, हे तुमच्या खात्याला कळतं. म्हणूनच पुढचं सांगायची हिंमत करतोय.

मोठं काही मागत नाही. सरकारी पत्राच्या तळाशी ‘प्रत माहितीसाठी’ असा एक मथळा असतो आणि त्याखाली तीन-चार ओळी असतात. छत्तीस वर्षं मी त्या ओळी टाइप केल्या. खरा कारभार त्या ओळींवर चालतो, हे मंत्र्यांना कुणी सांगत नसावं. पोर्टलवरून प्रमाणपत्र निघताना अर्जदारानं कुठल्या गावांत काम करणार ते लिहावं आणि त्याची एकेक प्रत आपोआप त्या जिल्ह्याच्या कलेक्टरला, तहसीलदाराला आणि ग्रामपंचायतीला जावी. सोबत दोन ओळी मराठीत, की हा माणूस नोंदणीकृत आहे, कलम ४ब खालचा त्याचा अर्ज आला तर अमुक दिवसांत हो किंवा नाही कळवावं. मुदत तुम्ही ठरवा. भाऊसाहेबाला शिक्का नको असतो, त्याला वरून आलेला कागद हवा असतो. तो फायलीला लागला की सही होते.

पोस्टालाही या कामातून अगदीच काढू नका. मंजुरी दिल्लीला राहू दे, पण सड्यावर चढून ओटीपी मिळवणं प्रत्येकाला जमणार नाही. हेड पोस्टात आधारची मशिनं आहेत, माणसं आहेत. अर्ज भरून देण्यापुरतं काउंटर तिथं ठेवलं तर आमच्या पोरांना त्याची सवय आहे. माझ्यासारखा अर्ज ड्रॉवरमध्ये ठेवणारा एखादा निघेल, पण पोर्टलवर अर्ज ठेवायला ड्रॉवरच नसतो, ही त्यातली चांगली गोष्ट.

आणि सिग्नलचं. केबलवर काय दाखवतात यावर नजर ठेवायला जिल्हा पातळीवर समित्या नेमण्याची पद्धत आहे, कलेक्टरांच्या अध्यक्षतेखाली. त्याच टेबलावर महिन्यातून एक दिवस छोट्या ऑपरेटरचा आणि एमएसओचा वाद ऐकू द्या. निकाल देऊ नका, फक्त एमएसओकडून लेखी उत्तर घ्या. एरिया कुणाला दिलाय आणि तिथं चालू सेट-टॉप बॉक्स किती, एवढं कागदावर आलं की निम्मी भांडणं तिथंच संपतील. बॉक्सची संख्या एमएसओच्या सिस्टीममध्ये एका क्लिकवर दिसते. आमच्या वाडीपुढं तिथं शून्य दिसेल.

शिमग्याला पालखी घरोघरी फिरते तेव्हा जुना केबलवाला ती कॅमेऱ्यात धरून चॅनेलवर सोडायचा आणि अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं खाटेवरून हात जोडायची. तेही आता एमएसओमार्फतच होईल, ‘प्लॅटफॉर्म सर्व्हिस’, म्हणजे एमएसओचा स्वतःचा चॅनेल म्हणून, एका चॅनेलला १००० रुपये नोंदणी भरून. तो प्रश्न सिग्नल आल्यावर बघू.

फायबरचं ड्रम गणपतीपासून आमच्या पडवीत आहे. त्यावर आता कोंबडी बसते. ८० घरांपैकी अकरा जणांनी वाट बघून छत्री बसवून घेतली, म्हणजे आता ६९ धरा, महिन्याचे ४०३६ रुपये ५० पैसे. उत्तर आलं तर बरं होईल. नाही आलं तरी या पत्राला मी जावक क्रमांक दिलाय आणि कार्यालयीन प्रत ठेवलीय.

आपला,
एक निवृत्त पोस्टल असिस्टंट
दापोली तालुका, जि. रत्नागिरी

प्रत माहितीसाठी :
१. मा. जिल्हाधिकारी, रत्नागिरी.
२. आमच्या गावचे भाऊसाहेब. वरील मजकूर वाईट वाटून घेण्यासाठी नाही.
३. पुतण्यास, फायलीला लावण्यासाठी.