१४ एप्रिलच्या ‘दिनविशेष’मध्ये एक ओळ राहिली

महोदय,

यंदाच्या १४ एप्रिलचे आपले ‘दिनविशेष’ वाचले. बाबासाहेबांची जयंती (१८९१) सर्वांत वर होती, ती तिथेच हवी. खाली १९१२ साली टायटॅनिक हिमनगावर आदळल्याची नोंद होती. मुंबईच्या गोदीतल्या स्फोटाची मात्र नव्हती. मी ३१ वर्षे अग्निशमन दलात काढली, म्हणून ही ओळ मी दरवर्षी शोधतो.

१४ एप्रिल १९४४, शुक्रवार. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ ही बोट लागली होती. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके आणि दारूगोळा, त्यातच कराचीला चढवलेल्या कापसाच्या गाठी. दुपारी धूर दिसला. बंब आले, पाण्याचा मारा सुरू झाला. पण गाठीतला कापूस वरून भिजला तरी आत धुमसत राहतो. आम्हाला गोदामांच्या आगीत याचा अनुभव कित्येकदा आला आहे. ४ वाजून ६ मिनिटांनी बोट फुटली. अर्ध्या तासाच्या आत दुसरा, आणखी मोठा स्फोट झाला. शेकडो माणसे गेली. त्यांत आमच्या दलाचे ६६ जण होते. देशभर याच दिवशी अग्निशमन सेवा दिन पाळतात, तो त्यांच्यासाठी.

माझी आजी तेव्हा माझगावात राहायची. फळीवरची पितळी भांडी एकदम खाली आली, एवढेच तिला आधी कळले. नेमके काय झाले ते छापून येईना, कारण युद्धामुळे सेन्सॉर होता. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगावच्या रेडिओने बातमी दिली, आणि इथल्या बातमीदारांना ती पाठवायला मे महिन्याचा दुसरा आठवडा उजाडावा लागला. तेव्हा बंदी होती. आज तर कोणी अडवलेले नाही.

नोकरीत असताना या दिवशी सकाळी भायखळ्याच्या स्मारकापुढे सलामी द्यायची आणि तसेच गणवेशात चाळीतल्या जयंतीला जायचे, हा माझा नेम होता. मला दोन्हींत कधी अंतर वाटले नाही. १९४४ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते, आणि त्या दिवशी गोदीत मेलेल्यांत हमाल-कामगारही होते.

पुढच्या वर्षी जयंतीच्या ओळीखाली कृपया एवढे छापा : ‘१९४४ – मुंबई गोदीत स्फोट, अग्निशमन दलाचे ६६ जवान मृत्युमुखी.’

– एक निवृत्त फायरमन, घोडपदेव, मुंबई