ती पुडी फेकून दे बाबू

बाबू,

पोळ्याले तू घरी आलता तेव्हा कपडे धुवायले काढताना तुह्या आईले बॅगेत ती धातुपुष्टीची पुडी सापडली. तिनं मले दाखवली अन् म्हणे तुम्हीच बोला त्याच्याशी. फोनवर तू नुसता हो हो करशील म्हणून लिहून पाठवतो, रूमवर एकटा असला की वाच.

साखरपुडा झाल्यापासून तू टेन्शनमध्ये आहे हे दिसते. झोपेत लिंग ताठ होते, कधी कपडे खराब होतात, त्याच्यानं ताकद चालली असं तुले कोणीतरी सांगितलं असन. आरोग्य सेवकाच्या नोकरीत गावोगाव फिरलो, पोट्टे मले बाजूले घेऊन हेच विचारत. त्यायले जे सांगायचो तेच तुले सांगतो, लाजू नको, 25 वर्षांचा झाला तू.

आपली झोप साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यायनं चालते. प्रत्येक फेरीत एक टप्पा असा येते की डोळे पापणीच्या आत भराभर हलतात अन् स्वप्नं जास्त पडतात, त्याले रेम म्हणतात, शिकागोच्या दोघा शास्त्रज्ञायनं 1953 मध्ये ते जगाले सांगितलं. दिवसभर मेंदूतल्या काही नसा लिंगातल्या रक्तवाहिन्या आवळून धरतात, ठिबकचा कॉक बंद ठेवल्यासारख्या. रेममध्ये त्या नसा गप होतात, कॉक सुटते, रक्त भरते, झालं. रात्रीतून तीन ते पाच वेळा, एकेका वेळी वीस-पंचवीस मिनिटं, अन् त्याच्यासाठी तसलं स्वप्न पडायचीही गरज नाही, आंगणात ट्रॅक्टर धुवायचं स्वप्न पडलं तरी होते. पहाटेच्या झोपेत रेम जास्त, म्हणून जाग येते तेव्हा बरेचदा तसंच असते, लोक म्हणतात लघवी तुंबली म्हणून, पण मुख्य कारण झोपेचंच. रक्त खेळलं की तिथल्या पेशीयले ऑक्सिजन मिळते, ते चांगलंच आहे. अन् एक सांगून ठेवतो, बाईच्या शरीरातही रेममध्ये तिकडचा रक्तपुरवठा असाच वाढते, फक्त दिसत नाही. तुह्या होणाऱ्या बायकोले हे माहीत असन-नसन, तुले माहीत पाहिजे.

पूर्वी डॉक्टर काय करत माहीत आहे? ज्याले जमत नाही असा पेशंट आला की रात्री झोपताना लिंगाले पोस्टाच्या तिकिटायची पट्टी गोल चिकटवायले सांगत. सकाळी पट्टी तुटलेली दिसली म्हणजे रक्त-नसा ठीक, भीती डोक्यात. तुह्या तर रोज सकाळी तिकिटं तुटतील लेका, तू कायले घाबरतो.

कपडे खराब व्हायचं म्हणशील तर वीर्य काही चाळीस थेंब रक्तापासून एक थेंब असं बनत नाही, ते बुढ्यायचं बोलणं आहे. एका वेळी चमचाभरही नसते, बहुतेक पाणी, थोडी साखर, थोडं प्रोटीन, अन् शरीर रोज नवीन बनवते. या भीतीनं अंग गळाल्यासारखं वाटते हे खरं, त्याले डॉ. नरेंद्र विग यायनं 1960 मध्ये धात सिंड्रोम नाव दिलं, पण त्याचा उपाय पुडी नाही, समजावून सांगणं हाच.

त्या स्टँडजवळच्या भिंतीवरच्या जाहिराती पाहून गेला असशील, शुक्रवारी लॉजवर भेटा वगैरे. असल्या जाहिरातीवर 1954 पासून कायद्यानं बंदी आहे, तरी भिंती रंगतातच बाप्पा. असल्या पुड्यांमध्ये कधी शिसं-पारा निघते तर कधी गुपचूप मिसळलेली व्हायग्राची गोळी. पैसे गेले ते गेले, किडनी नको जायले.

उलट सकाळचं ते महिनोन्महिने बंद झालं तर डॉक्टरकडे जावं, कारण शुगर, बीपी, हृदयाचं दुखणं कधी कधी तिथूनच पहिले कळते. चार तासाच्यावर उतरलंच नाही अन् दुखत असलं तर मात्र रात्र असो का दिवस, दवाखाना. तुह्या आजोबाले शुगर होती, म्हणून लग्नाआधी एकदा शुगर तपासून घे, सरकारी दवाखान्यात होते. खर्रा पण सोड, रक्तवाहिन्यायले तो भारी पडते.

बाकी कापसाले बोंडं बरी आहेत, दिवाळीच्या आत पहिला वेचा होईन. पुढच्या हप्त्यात येशील तर फवारणी पंपाचं वॉशर घेऊन ये, इथं भेटून नाही राहिलं.

तुहा बाबा