झोपडपट्टीत राहणाऱ्याच्या वाट्याला ४५ लिटरच का?

प्रति,
मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका

महोदय,

मुंबईला सात तलावांतून रोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी मिळते. त्याच्या वाटपाचे नियोजन करताना महापालिका इमारतीतल्या रहिवाशासाठी दररोज माणशी १३५ लिटर धरते आणि झोपडपट्टीतल्या रहिवाशासाठी ४५ लिटर. हा दुसरा आकडा नियोजनातून काढून टाकावा, एवढ्याच मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे.

सार्वजनिक नळावरून पाणी भरणाऱ्या वस्तीला माणशी ४० लिटर आणि मलनिःसारण वाहिन्या असलेल्या शहराला १३५ लिटर, असे केंद्र सरकारच्या पाणीपुरवठा नियमावलीचे प्रमाण आहे. घरात मोरी-संडास नाही म्हणून पाणी कमी लागते, हा त्यामागचा हिशेब. परंतु गोवंडी-मानखुर्दच्या वस्त्यांत आज घरोघरी मोऱ्या आहेत, माळे चढलेले आहेत, आणि जिथे घरात संडास नाही तिथे सार्वजनिक शौचालयाला पाणी लागतेच. शिवाय पाणीच ४५ लिटर धरले, तर कोणी घरात संडास बांधला तरी तो वापरायचा कसा? जी परिस्थिती गृहीत धरून पाणी कमी दिले जाते, तीच परिस्थिती त्या कमी पाण्यामुळे टिकून राहते, आणि उरलेली गरज ही माणसे टँकर व कॅनच्या पाण्यावर, महापालिकेच्या दराच्या कितीतरी पट पैसे मोजून भागवतात.

बांधकाम बेकायदा आहे म्हणून माणसाला पाणी नाकारता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये स्पष्ट केले. मे २०२२ मध्ये अशा बांधकामांतल्या रहिवाशांनाही नळजोडणी देणारे महापालिकेचे ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण आले, त्याचे मी मनापासून स्वागत करतो. न्यायालयाने समान प्रमाणात पुरवठा करण्याचा आदेश दिलेला नव्हता, हे खरे. पण तसा निर्णय घेण्यापासून आपल्याला रोखलेलेही नाही.

पाणी आणायचे कुठून, असे विचारले जाईल. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईत सुमारे ५२ लाख लोक झोपडपट्टीत राहत होते. त्या प्रत्येकाला ९० लिटर वाढवून द्यायचे म्हटले तर रोज सुमारे ४७ कोटी लिटर लागतील, म्हणजे एकूण पुरवठ्याचा जेमतेम आठवा हिस्सा. गळती आणि चोरीत याहून कितीतरी अधिक पाणी जाते. २०१४ मध्ये पूर्ण झालेल्या मध्य वैतरणा धरणाने शहराला जवळजवळ एवढेच पाणी, रोज ४५.५ कोटी लिटर, नव्याने मिळवून दिले. ज्या शहापूर तालुक्याच्या परिसरातून हे पाणी येते तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात, हे लक्षात घेता आणखी एका धरणाची वाट पाहण्याआधी हातातल्या पाण्याची वाटणी न्याय्य करणे अधिक उचित ठरेल.

डोंगरउतारावरच्या वस्त्यांपर्यंत पुरेशा दाबाने पाणी चढवायला नवे पंप, टाक्या आणि मोठ्या जलवाहिन्या लागतील, त्याला काही वर्षे जातील, याची मला कल्पना आहे. मात्र जलवाहिनीचा व्यास आणि टाकीची क्षमता माणशी धरलेल्या लिटरवरूनच ठरते. म्हणून पाणीपुरवठ्याच्या येत्या आराखड्यातच हा आकडा सर्वांसाठी १३५ करावा, ही विनंती.

आपला,
एक मुंबईकर